पिंगीचा डावा डोळा

दिवेलागणीला पिंगी खिडकीत येऊन बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी हातातलं पुस्तक मिटलं, कारण तिच्या बघण्यात काहीतरी चुकत होतं. उजव्या डोळ्याची बाहुली उतरत्या उजेडात नेहमीसारखी फुगून गोल झाली होती. डाव्या डोळ्यात मात्र भर दुपारी असते तशी बारीक उभी रेघ होती. एका डोळ्यात संध्याकाळ झाली होती आणि दुसऱ्यात अजून ऊन होतं.

मी चष्मा पुसला. जागा बदलून बघितलं. तिला उचलून माजघराच्या दाराशी, अंधारात नेलं. उजवी बाहुली आणखी पसरली. डावी तशीच, सुईनं ओरखडा काढल्यासारखी.

मी माणिकला, माझ्या बायकोला, हाक मारली. ती कणीक मळता मळता तशाच हातांनी आली. एकदा मांजराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"दिवा लावून वाचत जा," ती म्हणाली. "म्हणजे मांजरंही नीट दिसतील."

तिचं म्हणणं मला पटलंसुद्धा. स्वतःच्या डोळ्यांवर, कानांवर आणि मतांवर माझा कधीच फारसा विश्वास नव्हता. मी कऱ्हाडच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. एखादा सभासद "पुस्तक परत केलंय" म्हणाला आणि ते कपाटात सापडलं नाही, तर मीच ते कुठेतरी चुकीच्या जागी ठेवलं असणार असं धरून मी सगळी कपाटं उपसायचो. आज, इतक्या वर्षांनी हे लिहितानाही एखादी गोष्ट अशीच घडली का, असं मी दोनदा स्वतःला विचारतो. पण पिंगीचा डोळा मी बघितला होता, ते खरं होतं.

पिंगी अक्काची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण शरयू. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनंच वाढवलं. वाचायलाही तिनंच शिकवलं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा वारला. ती सासरी राहिली नाही. इस्लामपूरला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून तिनं आपलं आपण निभावलं, आणि निवृत्त झाल्यावर कऱ्हाडला वडिलांच्या घरी, आमच्याकडे, राहायला आली. येताना एक ट्रंक आणली आणि झाकणाच्या टोपलीत ही पिंगट डोळ्यांची भाटी. माणिक म्हणायची, वन्सं माणसांशी मोजकं बोलतात आणि उरलेलं सगळं मांजराशी.

त्या वर्षी आषाढात अक्काला काचबिंदू निघाला. डॉक्टर शेणोलीकरांनी समजावून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची असेल तर डोळ्यात थेंब घालायचे, रोज, न चुकता, जन्मभर. औषध आणायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला थेंबही मीच घालायचो, पण माझा हात कापायचा. थेंब कधी गालावर पडायचा, कधी नाकावर. आठवडाभरानं अक्का म्हणाली, दे इकडे, मी घालीन. मग बाटली तिच्याकडेच असायची, माठाच्या तिवईवर, गारव्याला.

त्या संध्याकाळी मी पिंगीला घेऊन तिच्याकडे गेलो. ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी सांगितलं तसे तिचे हात थांबले.

"कुठला डोळा?"

"डावा."

"नक्की?"

कुणी 'नक्की' म्हटलं की मी डळमळतो. मी परत बघितलं. "डावाच."

शाळेत तोंडी परीक्षा घ्यायची तसं ती मग एकेक विचारत गेली. आजच दिसलं की आधीही दिसलं होतं? दिवसा कळतं की अंधार पडल्यावरच? डोळ्यातून पाणी येतं का? मी होती नव्हती तेवढी सगळी उत्तरं दिली. माझं बोलणं इतक्या लक्ष देऊन कुणी ऐकून बरीच वर्षं झाली होती. मला बरं वाटलं.

"कशानं झालं असेल? तुला काय वाटतं?"

"वयामुळे असेल गं. तीही म्हातारी झाली आता."

"वयामुळे," अक्का म्हणाली. थोडा वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पुन्हा लसणाकडे वळली. "असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंगीचे दोन्ही डोळे सारखे होते. मी तिला उन्हात नेलं, सावलीत नेलं. दोन्हीकडे सारखेच. माणिकनं विचारलं, आज कुठला डोळा गेला? पण संध्याकाळी डावी बाहुली पुन्हा रेघ होऊन बसली होती. नंतरचे कितीतरी दिवस असंच चाललं. रोज सकाळी मला वाटायचं, आपणच वेडे. रोज संध्याकाळी वाटायचं, नाही.

मग माझ्याखेरीज इतरांनाही ते दिसायला लागलं. तिन्हीसांजेला पिंगी चालताना डाव्या अंगाला अडखळायची. एकदा तिवईला धडकली. एकदा खिडकीतून टेबलावर उडी मारताना तिचा अंदाज चुकला आणि ती दौतीसकट खाली आली. माणिक हसली आणि मग तिलाच वाईट वाटून तिनं पिंगीला दूध घातलं. अक्का हसली नाही. पलंगावरून ती सगळं बघत होती, ओठ घट्ट मिटून.

मला खरी काळजी होती ती अक्काची. तिचं स्वतःचं दिसणं कमी होत चाललं होतं. पूर्वी वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून काढायची, ती आता मथळे मला वाचायला सांगायची. चहा बशीत ओतायला गेली की बाहेर सांडायचा. त्यात हे मांजरही आंधळं झालं, तर दिवसभर त्या पलंगावर ती कुणाशी बोलणार होती?

मी तिला डॉक्टर शेणोलीकरांकडे तपासायला घेऊन गेलो. डोळ्यातला दाब वाढला होता. उजव्या डोळ्याची बाजूची नजर बरीचशी गेली होती. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, औषध नियमित चाललंय ना? असं व्हायला नको होतं. मी अक्काकडे बघितलं.

"बाटल्या संपतात की वेळेवर," ती म्हणाली.

ते खरं होतं. बाटल्या मीच आणत होतो.

अक्काच्या डोळ्यांपुढे माझा काही इलाज नव्हता, म्हणून असेल, पिंगीचा डोळा तरी दाखवून आणायचं मी ठरवलं. अक्काला सांगितलं नाही. तिनं आधी एकदा मोडता घातला होता. मांजराला कुणी दवाखान्यात नेतं का, म्हणाली होती. एका दुपारी मी पिंगीला भाजीच्या पिशवीत घातलं, तिचं डोकं बाहेर ठेवून नाडी बांधली आणि गुरांच्या दवाखान्यात जाऊन बसलो. तिथं सगळ्या म्हशी आणि बैल. शेजारच्या म्हशीवाल्यानं पिशवीकडे बघून अगदी गंभीरपणे विचारलं, "काय मास्तर, दूध कमी द्यायला लागलीय का?" सगळे हसले. मी मास्तर नाही हेसुद्धा मला सांगता आलं नाही.

डॉक्टर घार्गे तरुण होते. त्यांनी मात्र चेष्टा केली नाही. पिंगीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, एकेक डोळा हातानं झाकून बघितला, पापणी ओढून बघितली.

"डोळ्यात काय घालता हिच्या?"

"काही नाही."

"काही नाही कसं? ही बाहुली आपोआप आकसलेली नाही. औषधानं आकसवलीय. एरवी डोळा ठणठणीत आहे." त्यांनी बॅटरी खिशात ठेवली. "घरात कुणाला काचबिंदू आहे का?"

मी होय म्हटलं. मग ते हसले. म्हणाले, आजी मांजराला आपलं औषध घालत असतील. मायेपोटी लोक काय वाटेल ते करतात. परवाच एकानं म्हाताऱ्या बैलाला स्वतःची रक्तदाबाची गोळी चारली होती. औषध बंद केलं की दुसऱ्या दिवशी डोळा पहिल्यासारखा होईल. आणि त्या औषधानं माणसाचीही बाहुली अशीच बारीक होते, थोडं अंधारून येतं, कपाळ दुखतं. ते औषधाचं कामच आहे, त्याला घाबरायचं नाही.

परत येताना मी रस्ताभर स्वतःशी हसत होतो. मला वाटलं, पिंगीच्या डोळ्याला कधी पाणीबिणी आलं असेल आणि अक्कानं आपल्यातलं थोडं तिला दिलं असेल. बहिणीच्या मायेचा मला फार लहानपणापासूनचा अनुभव होता. आपल्या वाटणीचं ताटात काढून द्यायची तिची जुनी खोड. आता थोडं रागवायचं, थोडं हसायचं, आणि दोन बाटल्या जास्त आणून ठेवायच्या, असं मी मनाशी ठरवलं.

माणिक बाजारात गेली होती. अक्का पलंगावर होती. मी पिंगीला पिशवीतून सोडलं आणि शेजारी बसलो.

"अक्का, पिंगीच्या डोळ्यात तू औषध घालतेस का गं?"

"हो," ती म्हणाली. जराही अडखळली नाही.

"का?"

"बघायला."

मला कळलं नाही. तिनं मांडीवरचा पदर नीट केला आणि वर्गात सांगावं तशा स्वरात सांगितलं. "रोज दुपारी एका डोळ्यात घालायचं, एका डोळ्यात नाही. मग दोन्हींत फरक पडतो का ते बघायचं. शाळेत कुंड्यांचा प्रयोग असाच करायचो आम्ही. एक कुंडी उन्हात, एक कपाटात. पहिले आठ दिवस तू माझ्या डोळ्यात घातलंस, तेव्हा कपाळ ठणकायचं आणि डोळ्यांपुढे अंधारून यायचं. म्हणून बाटली मागून घेतली. म्हटलं, आधी मांजरावर बघू."

"मग?"

"मग काय? तूच आलास ना सांगत, डावा डोळा बिघडला म्हणून. मला नीट दिसत नव्हतं, तुला दिसलं. त्या दिवसापर्यंत थोडी शंका होती."

"म्हणजे तू स्वतःच्या डोळ्यात घातलंच नाहीस? इतके महिने?"

"नाही. मोरीत ओतायचे."

मी घाईघाईनं गुरांच्या डॉक्टरनं सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. बाहुली बारीक होणं हेच औषधाचं काम आहे, त्यात वाईट काही नाही. डॉक्टर शेणोलीकरांनी हे आम्हाला आधीच सांगितलं होतं का, ते मला काही केल्या आठवेना. सांगितलं असेल आणि मी ते अक्काला सांगायचं राहिलं असेल, असंही वाटलं. ती ऐकत होती, एखादी मुलगी पाठ केलेलं उत्तर सांगते तेव्हा बाई ऐकतात तशी. मग माझ्या डोक्यात दुसरंच आलं. गेल्या दिवाळीत तिची आणि माणिकची फराळावरून थोडी कुरबुर झाली होती.

"माणिकबद्दल तुझ्या मनात काही असेल तर—"

"माणिकचं नाव घेऊ नकोस," अक्का म्हणाली. "ती पोर साधी आहे. औषध तू आणतोस, मुकुंदा."

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागलो.

"चैत्रात कागद आणलास," ती म्हणाली. "मी 'बघू' म्हटलं. आषाढात थेंब सुरू केलेस."

कागद म्हणजे हक्कसोडपत्र. वडील गेल्यावर घरावर माझं आणि अक्काचं दोघांचंही नाव लागलं होतं. माणिकचा भाऊ श्रीपाद वकिली करतो. तो म्हणाला होता, बहिणीची सही आत्ताच घेऊन ठेवा, पुढे भानगड नको. सगळ्याच बहिणी देतात. आमच्याकडे तशी रीतच आहे. भाऊ कागद पुढे करतो, बहीण सही करते, भाऊ तिला साडी घेतो. मला ते मागायची लाज वाटत होती, म्हणून मी कागद तिच्या उशाशी ठेवला आणि काही न बोलता बाहेर गेलो होतो. ती 'बघू' म्हणाली, आणि मी तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, न काढणं म्हणजे सभ्यपणा.

"अक्का, अगं, घरासाठी मी तुझे डोळे—"

"हे गेले त्याच्या तेराव्याला दीरानं असाच कागद आणला होता," ती म्हणाली. "म्हटलं, मला सही येते. तर म्हणाला, वहिनी, रडून रडून डोळे सुजलेत तुमचे, दिसायचं नाही, अंगठाच द्या. आणि धरला अंगठा. तोही फार चांगला होता रे माझ्याशी. रोज दूध आणून द्यायचा." तिनं अंगठा पदराला पुसला. "आंधळीला कुणी सही विचारत नाही."

आवाज चढला नव्हता. ती माझ्यावर रागावलेलीसुद्धा नव्हती. त्याचीच मला भीती वाटली.

त्या दिवशी मी वाचनालयात गेलो नाही. माठाजवळची बाटली उचलून तिच्यावरची अक्षरं वाचली. औषधाच्या दुकानात जाऊन विचारलं, हे तेच ना? दुकानदार म्हणाला, तेच, दर वेळी नेता तेच. तरीही मी घरी येऊन डॉक्टरांच्या चिठ्ठीशी एकेक अक्षर ताडून बघितलं. आपण सख्ख्या बहिणीला विष घालत नाही ना, याची मी खात्री करून घेत होतो. असा माणूस मी होतो.

संध्याकाळी मला एक उपाय सुचला. मी अक्कापुढे बसलो आणि त्याच बाटलीतला थेंब माझ्या डोळ्यात घातला. थोड्या वेळानं माझं कपाळ ठणकायला लागलं आणि खोलीतला दिवा मंद झाल्यासारखा वाटला. अक्कानं बॅटरी मागितली, माझ्या डोळ्याच्या अगदी जवळ तोंड आणलं आणि बराच वेळ बघितलं.

"बघ," ती हळूच म्हणाली. "तुझीही बाहुली गेली." आणि मग, अगदी लहानपणी म्हणायची तसं, "धू तो डोळा. वेडा आहेस का?"

जे जे करावं ते माझ्यावरच उलटत होतं. डॉक्टर शेणोलीकर घरी येऊन समजावून गेले, तर ती म्हणाली, ते तुझ्या वाचनालयाचे सभासद आहेत. मी हक्कसोडपत्र तिच्यापुढे टराटरा फाडलं. ती म्हणाली, वकिलाकडे दुसरी प्रत असते. मग मी तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीला साताऱ्याहून नवी बाटली आणायला सांगितलं. अक्कानं त्या बाटलीतला थेंब पिंगीच्या डाव्या डोळ्यात घातला, आणि संध्याकाळी तिथं पुन्हा ती रेघ उमटली. त्या मुलीकडे मग अक्कानं कधी पाणीसुद्धा मागितलं नाही.

मी जबरदस्ती करायचाही प्रयत्न केला, एकदाच. माणिकनं खांदे धरले, मी बाटली धरली. अक्कानं डोळे इतके घट्ट मिटले की पापण्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या. माणिकनंच हात सोडले. म्हणाली, नको, हे आपल्याला शोभत नाही.

असे दिवस जात होते, आणि प्रत्येक दिवसागणिक तिचं जे जात होतं ते परत मिळणारं नव्हतं.

मग एका सकाळी ती कॅलेंडरपुढे उभी होती. खूप वेळ. तारीख बघत असेल म्हणून मी गेलो, तर तिनं बोट ठेवलं होतं ते दोन महिन्यांपूर्वीच्या पानावर. आम्ही कुणीच ते उलटलं नव्हतं आणि तिला ते कळलं नव्हतं. मी आल्याचं तिला पावलांवरून समजलं.

"मुकुंदा, श्रीपादला सांग, कागद पुन्हा करायचा."

मी नको म्हटलं. घर तिचंही आहे, माझ्याइतकंच, असं म्हटलं. ती मला बोलू देऊन मग म्हणाली, "घर घे. डोळे तेवढे ठेव."

मी तिथून निघून गेलो. दिवसभर वाचनालयात एका कपाटासमोर बसून होतो. त्या कागदावर सही घेणं म्हणजे तिच्या मनातलं सगळं खरं आहे असं कबूल करणं होतं. पुढे ती जगेल तितके दिवस मी तिच्या लेखी तोच माणूस राहणार होतो. आणि न घेणं म्हणजे काय, ते सकाळी कॅलेंडरपुढे बघितलं होतं.

घरी आल्यावर मी माणिकला म्हटलं, मी कागद घेणार नाही. मी चोर नाही. ती भांडी विसळत होती. तिनं हात पुसले.

"तुम्हाला चांगलं राहायचंय," तिनं विचारलं, "की त्यांना दिसायला हवंय?"

कचेरीत आम्ही रिक्षानं गेलो. अक्कानं इस्त्रीची साडी नेसली होती. कारकुनानं कागद पुढे सरकवला. तिनं नाक कागदाला लागेल इतकं वाकून, प्रत्येक अक्षरावर थांबत, आपली सुरेख वळणदार सही केली. मग कारकुनानं शाईची गादी काढली.

"अंगठाही लागतो?" तिनं विचारलं.

"सगळ्यांचाच घेतो आजी, नियम आहे." त्यानं तिचा अंगठा धरला, शाईत दाबला, वहीत दाबला. ती अंगठ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, जिथे मी असेन असं तिला वाटत होतं तिथे.

"स्वखुशीनं देताय ना? कुणाचा दबाव वगैरे?"

"स्वखुशीनं. सख्खा भाऊ आहे माझा."

कारकून माझ्याकडे बघून म्हणाला, नशीबवान आहात, साहेब. आजकाल बहिणी कोर्टात जातात.

त्याच संध्याकाळी ती पलंगावर बसली, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे उघडले. मोठे, स्वच्छ, न मिटता. पिंगी तिच्या पायाशी होती.

"आता तिच्यावर बघायची गरज नाही," अक्का म्हणाली. "घाल."

माठाजवळची बाटली मी उचलली. माझा हात कापायला लागला तसं तिनं माझं मनगट धरलं आणि स्थिर केलं. थेंब नेमका डोळ्यात पडला. ती बाटली नवी नव्हती, आधीचीच होती, साताऱ्याहून आणलेली. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं तर दुसऱ्या डोळ्यात तिनं थेंब घालू दिला नसता.

दुसऱ्या दिवसापासून पिंगीची डावी बाहुली उजवीसारखीच राहायला लागली. संध्याकाळी दोन्ही गोल, दुपारी दोन्ही बारीक. ती पुन्हा खिडकीतून टेबलावर नीट उडी मारायला लागली. अक्काला ते मी सांगितलं. ती नुसती मान हलवून "हं" म्हणाली.

त्यानंतर अक्का माझ्याशी पूर्वीहून जास्त मायेनं वागायला लागली. कपाळ ठणकलं तर तक्रार करायची नाही. अंधारून आलं तरी नाही. थेंबांची वेळ झाली की आपणहून पलंगावर येऊन बसायची आणि मी उशीर केला तर घाबरी व्हायची, पण बोलायची नाही. माझ्या ताटात वाढताना आधी विचारायची, आणखी काय देऊ?

महिन्याभरानं आम्ही डॉक्टर शेणोलीकरांकडे गेलो. त्यांनी दाब मोजला, पुन्हा मोजला आणि खुर्ची मागे सारली. दाब उतरला होता. आता आहे ती नजर टिकेल, ते म्हणाले, वर्तमानपत्र वाचण्यापुरती सहज टिकेल. ते मनापासून खूष झाले होते.

"औषध अगदी छान लागू पडलं हो, आजी."

अक्कानं माझ्या दिशेला तोंड वळवलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता.

"आता पडणारच," ती म्हणाली.